शेडमध्ये आधी कोणता बंब आणायचा

आमचा बंब ३१ मार्च २०२३ च्या रात्री कागदावर मेला. इंजिन ठणठणीत होतं, पंप पाणी फेकत होता, आदल्याच आठवड्यात त्या गाडीने एका शेतकऱ्याचा गुरांचा कोठा वाचवला होता. पण तिची पहिली नोंदणी होती २००६ ची. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या गाडीची नोंदणी १५ वर्षांपुढे चालत नाही. राज्य सरकार, नगरपरिषद, पंचायत, महामंडळ, सगळे त्या नियमात आले. सूट मिळाली ती देशाचं संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या खास गाड्यांना. बंब त्यात आपोआप बसेल असं आमच्या ऑफिसात सगळेच धरून चालले होते. बसला नाही. नवी गाडी यायला चौदा महिने लागले आणि तोवर आम्ही ३८ किलोमीटरवरच्या शेजारच्या नगरपरिषदेकडे हात पसरत होतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूसपट्ट्यात २७ वर्षं नगरपरिषदेच्या बंबावर चालक-यंत्रचालक होतो. आता घरी असतो, पण फोन चालूच असतो. आजूबाजूच्या नगरपंचायतींमधली पोरं विचारतात, "काका, साहेब म्हंतेत शिडीवाली गाडी घेऊ. आपल्या गावात शिडी लावाची कुठी?" त्या पोरांना जे तुकड्या-तुकड्याने सांगतो, ते इथे सलग लिहितो.

पहिलं काम आजच करा. प्रत्येक गाडीचं आरसी बुक काढा, पहिल्या नोंदणीच्या तारखेत १५ वर्षं मिळवा आणि जी तारीख येईल तिच्या दीड वर्ष मागे या. त्या दिवशी प्रस्ताव सर्वसाधारण सभेत गेलेला असला पाहिजे. ठराव, तांत्रिक मान्यता, निधी, जेम या सरकारी पोर्टलवरची खरेदी, चेसिस, मग त्यावर बॉडी बांधणं, आरटीओ. यातलं प्रत्येक पाऊल दीड-दोन महिने खातं, आणि मधे आचारसंहिता लागली तर देवच वाली.

नसली तर काय अडतं?

लोक विचारतात, सगळ्यात जुनी गाडी कोणती, ती आधी बदलू. मी वेगळं विचारतो. ही गाडी उद्या सकाळी सुरूच झाली नाही, तर आपल्याकडे काय उरतं? ज्या गाडीबद्दल उत्तर येईल "काहीच नाही", तिची बदली आधी. मग ती नऊ वर्षांची असो नाहीतर चौदा.

आमच्याकडे तेव्हा तीन गाड्या होत्या. मोठा बंब, एक मिनी वॉटर टेंडर (लहान बंब) आणि पाणीपुरवठ्याचा टँकर, जो आगीच्या वेळी आमचा आणि लग्नसराईत नगरसेवकांचा. सगळ्यात खटारा होता टँकर. सभेत एकमताने ठरलं की आधी टँकर बदलायचा. मी मागच्या बाकावर होतो, बोललो नाही. चालकाने सभेत बोलायची पद्धत नव्हती. आजही वाटतं, बोलायला पाहिजे होतं. टँकर बंद पडला असता तर गावात ट्रॅक्टरचे वीस टँकर होते. बंब बंद पडला तेव्हा गावात दुसरा बंब नव्हता.

गाडी आतून किती जुनी झाली हे मीटरवर दिसत नाही. बंब किलोमीटर कमी चालतो आणि उभा राहून जास्त राबतो. पीटीओ, म्हणजे इंजिनची ताकद पंपाला देणारी जोडणी, लावून चार तास पंप चालवला तर मीटर एक किलोमीटरही पुढे जात नाही, इंजिन मात्र चार तास झिजतं. म्हणून चार गोष्टी बघा. संध्याकाळी टाकी काठोकाठ भरा, पाण्याच्या पातळीवर खडूची रेघ मारा आणि सकाळी बघा. रेघेखाली बोटभर पाणी गेलं असेल तर पत्रा आतून सडायला लागला आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१८ लिहिलं असेल तर तो टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी नवीकोरी दिसते, पण बाजूच्या रबराला केसासारख्या भेगा गेलेल्या असतात, कारण गाडी उभीच असते आणि आपल्याकडचं ऊन ४५ अंशांचं. तिसरं, सक्शनला, म्हणजे पाणी ओढायच्या तोंडाला, टोपी लावून प्रायमर, म्हणजे पंपातली हवा काढणारं यंत्र, चालवा. व्हॅक्यूमचा काटा चढून मिनिटभर जागेवर थांबतो की लगेच घसरतो, ते बघा. घसरला तर ग्लँड किंवा सील गेलं आहे. हे काही हजारांचं काम, यासाठी गाडी बदलायची गरज नाही. चौथं म्हणजे चेसिस. खाली झोपून बघा. आमच्याकडे खाली कोणी झोपत नाही, कारण ऑफिसच्या कपड्यांना काळं लागतं.

रजिस्टर

कॅटलॉग बाजूला ठेवा आणि पाच वर्षांचं वर्दी रजिस्टर, म्हणजे आगीच्या बोलावण्यांची नोंदवही, घेऊन बसा. शिक्षकासारख्या रेघा मारा: काय जळालं, किती किलोमीटर, किती मिनिटांत पोहोचलो, पाणी किती वेळा भरलं, आणि गाडी कुठे अडली. शेवटचा रकाना रजिस्टरमध्ये नसतो, तो जुन्या फायरमनच्या डोक्यात असतो. त्याला चहा पाजा आणि विचारा.

आमच्या रजिस्टरमध्ये निम्म्याहून जास्त वर्द्या वावरातल्या निघाल्या. कुटाराचा (भुशाचा) ढीग, तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, सोयाबीनची गंजी, कोठा, उभा गहू. फेब्रुवारीपासून मेपर्यंत तारखाच तारखा. तार लोंबकळते, वाऱ्याने तारेला तार लागते, ठिणगी पडते. कोणी धुरा, म्हणजे शेताचा बांध, पेटवतो आणि वारा फिरतो. मोहफुलं वेचायच्या दिवसांत झाडाखालचा पाला जाळतात, तो जंगलात जातो. गावातल्या आगी कमी, पण त्या अरुंद गल्लीतल्या. आणि दोन-तीन वर्षांतून एकदा जिनिंगची (कापसाची रुई काढणाऱ्या कारखान्याची) आग, जिच्यापुढे बाकी सगळ्या लहान.

आणि एक वाक्य पानापानावर होतं: "घटनास्थळी पोहोचण्यापूर्वी गंजी जळून खाक." एका गावात मी गाडीतून उतरलो तर म्हातारा खाटेवर बसलेला, हलला पण नाही. म्हणाला, "आता काय राख भिजवाले आले का भाऊ?" त्या दिवशी आम्ही खरंच राख भिजवली आणि परत आलो. पंचनाम्यासाठी तेही लागतं.

केंद्राच्या स्टँडिंग फायर ॲडव्हायझरी कमिटीचा जुना हिशेब असा की ३ लाखांपर्यंतच्या शहरात दर ५०,००० लोकसंख्येमागे एक पंपाची गाडी. त्या हिशेबाने तीस हजारांच्या गावाला एक गाडी पुरते. पण वर्दी काही तीस हजारांकडूनच येत नाही. तालुक्यातली शे-सव्वाशे गावं त्याच एका बंबावर असतात, आणि ती तुमच्या लोकसंख्येत धरली जात नाहीत. प्रस्तावात हे लिहा. हद्दीबाहेरच्या वर्द्या किती, किती किलोमीटर, हा तक्ता जोडला की टेबलापलीकडचा माणूस निदान पान उलटतो.

आधी माणसं मोजा

हे लहानसं आहे, पण इथेच सगळे फसतात. एक जड गाडी चोवीस तास तयार ठेवायची तर तीन पाळ्यांना तीन चालक, साप्ताहिक सुटीला चौथा, रजा आणि आजारपण धरलं तर पाचवा. सगळ्यांकडे जड वाहनाचा परवाना पाहिजे आणि पंप चालवता आला पाहिजे. किती नगरपरिषदांकडे असे पाच आहेत? आमच्याकडे दोन कायम आणि एक कंत्राटी होता. अशा ठिकाणी तिसरी जड गाडी घेतली तर ती उभी राहते, बॅटरी उतरते, आणि दोन वर्षांनी तिच्या खाली कुत्री पिल्लं देतात. चालक नसतील तर दुसरी गाडी हलकीच घ्या.

पाण्याचा हिशेब

आता मुद्द्याची गोष्ट. सभेत नेहमी कोणीतरी म्हणतं, "मोठी टाकी घ्या, बारा हजार लिटरचा बाउजर घ्या, एकदाच काय ते पाणी." ऐकायला बरं वाटतं. कागद-पेन्सिल घेऊन बघू.

समजा आग २२ किलोमीटरवर आहे. ४,५०० लिटरचा बंब आहे. एका ब्रँचमधून, म्हणजे होजच्या टोकाच्या नळीतून, मिनिटाला साधारण ४५० लिटर पाणी जातं, म्हणजे टाकी १० मिनिटांत रिकामी. होज रीलने, म्हणजे रिळावरच्या बारीक पाइपाने, मिनिटाला शंभर लिटरच्या धारेने मारलं तर ४५ मिनिटं पुरते. पोरांना मी हेच शिकवायचो की गंजीवर आधी मोठी धार सोडू नका, जमाव ओरडतो, "मोठा पाइप लावा," आणि दहा मिनिटांनी तोच जमाव ओरडतो, "पाणी कुठी गेलं?"

टाकी रिकामी झाली की गाडी गावात परत, पाण्याच्या टाकीखाली भरायला. जाऊन-येऊन ४४ किलोमीटर. रस्ता आपला माहीत आहे, ताशी ४० धरा. ६६ मिनिटं गेली. भरायला मिनिटाला ३०० लिटर मिळाले तर १५ मिनिटं. ८१ मिनिटांत ४,५०० लिटर, म्हणजे आगीवर मिनिटाला सरासरी ५५ लिटर पाणी. अंगणातले दोन-तीन नळ सोडल्यासारखं.

आता बाउजर. १२,००० लिटर, म्हणजे नुसतं पाणीच १२ टन. ताशी ३० च्या वर त्या रस्त्याला तो जात नाही. ४४ किलोमीटरला ८८ मिनिटं, भरायला ४० मिनिटं. १२८ मिनिटांत १२,००० लिटर. सरासरी मिनिटाला ९४ लिटर. बरं झालं, पण दुप्पटही नाही, आणि तो पांदणीत शिरत नाही ते वेगळंच.

तिसरा हिशेब. तोच ४,५०० चा जुनापुराणा बंब, पण आगीपासून किलोमीटर-दीड किलोमीटरवर एका शेतकऱ्याची मोटर चालू आहे, मिनिटाला ३०० लिटर टाकते. जाणं-येणं, गाडी लावणं दहा मिनिटं, भरणं पंधरा. २५ मिनिटांत ४,५०० लिटर. मिनिटाला १८० लिटर. बाउजरच्या जवळपास दुप्पट, आणि एक रुपयाही नवा खर्च नाही.

म्हणून मी म्हणतो की गाडी ठरवण्याआधी पाण्याची वही करा. गावागावातल्या कोतवालाला, पोलीस पाटलाला विचारून लिहा: कोणाची विहीर उन्हाळ्यात आटत नाही, मोटर किती एचपीची, तिथवर गाडी जाते का, थ्री फेज वीज कोणत्या आठवड्यात दिवसा आणि कोणत्या आठवड्यात रात्री. ज्यांच्याकडे सौर पंप आहेत त्यांना वेगळी खूण करा. धार बारीक असते, पण दुपारी दोन वाजता वीज नसताना तीच मिळते, आणि आपल्या गंज्या दुपारी दोनलाच पेटतात.

विहिरीतून बंबाच्या पंपाने पाणी ओढू, असं नव्या पोरांना वाटतं. नाही ओढता येत. पंप पाणी ओढत नसतो, तो पाइपातली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. कागदावर ती उंची सव्वादहा मीटर, प्रत्यक्षात सातेक मीटरच्या पुढे काटा नुसता थरथरतो. एप्रिलमध्ये आपल्या विहिरींचं पाणी त्याच्या खाली गेलेलं असतं. शेततळ्याचं तसं नाही. तिथे पाणी वर असतं, सक्शन टाकून सहज ओढता येतं. अडचण एवढीच की काळ्या मातीत दहा-बारा टनांची गाडी तळ्यापर्यंत जात नाही. जिथवर जाते तिथून तळं शंभर फुटांवर असतं आणि आपल्याकडे सक्शनचे तुकडे दोनच.

माझा क्रम

वरचं सगळं धरून, दोन जड गाड्यांपुरतीही माणसं नसलेल्या, भोवती शेती असलेल्या नगरपरिषदेसाठी मी असा क्रम लावेन.

पहिली गाडी: साधा वॉटर टेंडर, टाकी साडेचार ते पाच हजार लिटर, सोळा टनांच्या आसपासचं चेसिस, व्हीलबेस जमेल तेवढा आखूड. त्यात काही नवलाई नको. फोमची वेगळी टाकी, वरची मॉनिटर तोफ, कॅमेरे, हे सगळं ब्रोशरमध्ये शोभतं. या गाडीने दर वर्दीला जायचं आहे, म्हणून तिचे भाग यवतमाळ-अमरावतीत मिळाले पाहिजेत आणि ती कोणत्याही चालकाला पहिल्या दिवशी चालवता आली पाहिजे.

दुसरी: फोर-बाय-फोर पिकअप. चारशे-पाचशे लिटरची टाकी, हाय प्रेशर होज रील, आणि मागे चौघांनी उचलून नेता येईल असा पोर्टेबल पंप. ही गाडी गल्लीत शिरते, पांदणीतून जाते, जड परवाना नसलेला चालकही तिला नेऊ शकतो. ती मोठ्या बंबाच्या दहा मिनिटं आधी पोहोचते, आणि गंजीच्या आगीत ती दहा मिनिटंच सगळं ठरवतात: पेटलेली गंजी जातेच, शेजारची वाचवायची असते. त्यानंतर पोर्टेबल पंप शेततळ्याच्या काठावर बसवा आणि तिथून मोठा बंब भरा. दोन गाड्यांची ही जोडी बसली की वरचा तिसरा हिशेब विहिरीवर मोटर नसतानाही लागू होतो.

तिसरी: काहीच नाही. त्या पैशांतून पाणीपुरवठ्याच्या आणि गावातल्या ट्रॅक्टरच्या टँकरांना आपल्या ६३ मिलिमीटर होजचं कपलिंग बसेल असे अडॅप्टर करून घ्या. नाहीतर आग लागल्यावर टँकर येतो, आणि त्याचा व्हॉल्व्ह तीन इंची चुडीचा, आपलं कपलिंग दांडीचं. मग बादल्या. मी हे तीनदा बघितलं आहे. एकदा तर टँकरचं पाणी जमिनीवर सोडून, खड्डा करून, त्यातून पोरांनी बादल्या भरल्या.

बाउजर चौथा. शिडीची गाडी या यादीत नाही. आमच्या गावातली सगळ्यात उंच वस्तू पाण्याची टाकी, आणि ती पेटत नाही. फायर बाइक मला आवडते, आठवडी बाजारात ती कामाची, पण ती बंबाच्या जागी घ्यायची वस्तू नाही. स्वस्त आहे म्हणून आधी तिचाच फोटो पेपरात येतो, याची मला भीती.

गाव बदललं की क्रम बदलतो. हिंगणघाटसारखं जिनिंगचं गाव असेल तर बाउजर वर आणा. कापूस वरून विझतो, आतून विझत नाही. १७० किलोची रुईची गाठ बाहेरून चिंब केली तरी आत धुमसत राहते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा धूर. तिथे मोठी धार नाही, दोन-तीन दिवस न तुटणारं पाणी लागतं, आणि ढीग उकलायला जेसीबी. जिनमालकांच्या आवारात किती लिटरची टाकी आहे, ती खरंच भरलेली असते का, हे हंगामाआधी दिवाळीच्या सुमारास जाऊन बघितलं तर कदाचित बाउजर लागणारही नाही. जिल्ह्यातून मोठा महामार्ग जात असेल, नागपूर-हैदराबादचा ४४ नंबर नाहीतर समृद्धी, तर पिकअपवर कटर-स्प्रेडर पाहिजेच, आणि मग पिकअप पहिली. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस जळाली आणि २५ माणसं गेली. अशा ठिकाणी पाच हजार लिटरांपेक्षा पत्रा कापणारं हत्यार दहा मिनिटं आधी पोहोचणं महत्त्वाचं असतं. चंद्रपूर-गडचिरोलीकडे जंगलाला लागून असाल तर वनविभागाशी बसून ठरवा. तिथला अनुभव माझा नाही.

स्पेसिफिकेशन लिहिताना

शेडच्या दाराची उंची मोजा. हसू नका. आमच्या शटरची उंची साडेदहा फूट. नवी गाडी आली ती वर शिडी धरून अकरा फुटांना दोन इंच कमी. मिरवत आणलेली गाडी दारात थांबली. दार फोडून उंच करायचं अंदाजपत्रक मंजूर व्हायला आठ महिने लागले, आणि तेवढे दिवस गाडी उघड्यावर, कडुलिंबाखाली. त्या एका उन्हाळ्यात होज कडक झाले आणि पॅनलवरच्या गेजच्या काचा पिवळ्या पडल्या. गावाबाहेरच्या रेल्वे पुलाखालची उंचीही त्याच टेपने मोजून घ्या.

टाकीत आडव्या-उभ्या पट्ट्या किती आणि कशा, ते चित्रासकट मागा. अर्धी भरलेली टाकी वळणावर पाण्याच्या हेलकाव्याने गाडीला ओढते. भरलेली गाडी सरळ असते, रिकामी हलकी असते, अर्धीच उलटते. बॉडी बांधणाऱ्याकडे टाकीला रंग मारण्याआधी जा आणि आत टॉर्च मारून पट्ट्या मोजा. रंगानंतर काही दिसत नाही.

वरचं भरायचं तोंड मोठं आणि झाकण हाताने उघडणारं ठेवा, शेतकऱ्याचा तीन इंची पाइप सरळ आत गेला पाहिजे. आमच्या पहिल्या गाडीचं तोंड असं होतं की एका माणसाने वर चढून पाइप मिठी मारून धरायचा. पंप चालू असताना इंजिन थंड ठेवणारी, पंपाच्याच पाण्यावर चालणारी जोड व्यवस्था आहे का, ते विचारा. मे महिन्यात उभ्या गाडीला वारा लागत नाही, नुसत्या रेडिएटरवर भागत नाही.

१ एप्रिल २०२० नंतरची प्रत्येक नवी गाडी बीएस-६ आहे. तिला डिझेलशिवाय वेगळा द्रव लागतो, ज्याला चालक लोक युरिया म्हणतात. खरेदीच्या मिटिंगमध्ये मी "युरियाची तरतूद करा" म्हटलं तर लेखापाल म्हणाले, कृषी विभागाचं काय काम इथे? तो संपला तर गाडी ताकद कमी करते, म्हणून दोन कॅन शेडमध्ये सावलीत ठेवा. दुसरं, धुराच्या गाळणीत काजळी साठते, आणि आपली गाडी लांब पळतच नाही, उभी राहूनच चालते. पंप चालू असताना काजळी जाळून साफ करायची सोय आहे का आणि ती चालक स्वतः बटण दाबून करू शकतो का, हे लेखी घ्या. नाहीतर लाल दिवा लागतो आणि गाडी नागपूरला वर्कशॉपमध्ये.

ताब्यात घेताना स्वतःचे होज, स्वतःची ब्रँच, स्वतःचं सक्शन घेऊन जा. त्यांच्या होजला सगळं नीट बसतं. दुपारी एक वाजता पंप सुरू करा आणि तीन तास चालू ठेवा. त्यांचा माणूस म्हणेल अर्धा तास पुरे. आपण पाण्याची बाटली आणि डबा घेऊन बसायचं.

निधीबद्दल थोडक्यात. महाराष्ट्र अग्निसुरक्षा अभियान, नगरोत्थान, जिल्हा नियोजन समिती, आणि २०२३ मध्ये केंद्राने अग्निशमन सेवांसाठी काढलेली ५,००० कोटींची योजना ज्यात राज्याचा वाटा २५ टक्के आणि मुदत २०२५-२६ पर्यंत, ही दारं आहेत. कोणत्या दारात या वर्षी पैसे आहेत ते तुमच्या लेखा विभागाला आणि राज्याच्या अग्निशमन संचालनालयाला विचारा. मी चालक होतो, पैसे आणणं मला कधी जमलं नाही. एवढंच बघितलं की ज्यांच्याकडे वर्दीचा तक्ता, पाण्याची वही आणि शेडचं माप तयार होतं, त्यांची फाइल कमी वेळा परत आली. जुनी गाडी भंगारात जाताना तिचा पंप, शिडी, होज, कपलिंग काढून ठेवता येईल का, हे भांडार विभागाला आधीच लेखी विचारा. गाडी उचलून नेल्यावर विचारून काही हाती लागत नाही.

आणि गाडी आल्याच्या दिवशी, नारळ-हाराच्या आधी टाकी भरा. आमची नवी गाडी आली त्या दिवशी तिची टाकी रिकामी होती. उद्घाटन दुसऱ्या दिवशी, म्हणून कोणी भरलीच नाही. मंडप लागला, नगराध्यक्षांनी बोनेटवर स्वस्तिक काढलं, आणि भटजींचं चालू असतानाच सात किलोमीटरवरच्या गावाहून फोन आला, तुराट्यांचा ढीग पेटला, बाजूला कोठा, आत बैल. मी हार न काढताच गाडी काढली. पण आधी पाण्याच्या टाकीखाली जावं लागलं. पंधरा मिनिटं उभा होतो, पाणी पडत होतं, वायपरला झेंडू अडकलेले होते आणि लोक चालत्या गाडीला करतात तसा नमस्कार उभ्या गाडीला करत होते. बैल शेजाऱ्यांनी दावी कापून आधीच सोडले होते. कोठ्याचं छप्पर गेलं.